आइकलरचं घर, साताऱ्याची समई

जोसेफ आइकलर हा मूळचा लोणी-अंड्यांच्या धंद्यातला माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत सासरच्या मंडळींचा घाऊक व्यापार होता आणि त्याची जमाखर्चाची बाजू हा सांभाळायचा. बांधकामाशी त्याचा संबंध इतकाच, की तो घरात राहायचा. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने हिल्सबरो गावात जे घर भाड्याने घेतलं, ते नेमकं फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने आखलेलं निघालं. लाकडाच्या भिंती, बाग थेट खोलीत आणणाऱ्या काचा, दिवसभर जागा बदलत राहणारं तिरपं ऊन. घर सोडताना भाडेकरू सहसा पंख्याचा रेग्युलेटर काढून नेतात. आइकलरने डोक्यात एक खूळ नेलं : अशी घरं साध्या पगारदार माणसाला का मिळू नयेत? वयाची पन्नाशी जवळ आली असताना तो बिल्डर झाला, चांगले वास्तुविशारद हाताशी धरले आणि पुढच्या दोन दशकांत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, सुमारे ११,००० घरं उभी केली.

ही घरं रस्त्यावरून पाहणाऱ्याची निराशा करतात. समोर गॅरेजचं दार आणि जवळजवळ बिनखिडकीची लाकडी भिंत, बस्स. आत शिरलं की, निदान १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या बऱ्याच घरांत, मधोमध आभाळाला उघडा चौक लागतो आणि घराची मागची बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची असते. डोक्यावर जाड तुळया आणि त्यांवर खाचेत खाच बसवलेल्या लाकडी फळ्या. वर माळा वगैरे काही नाही. फळ्या संपल्या की छप्पर आणि छप्पर संपलं की आभाळ. पुण्यातल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे समजावून द्यायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. रस्त्याकडे पाठ, आत चौक, वर कडीपाट. फक्त तुळशीवृंदावनाच्या जागी कुंडीत निवडुंग असतो आणि भाऊबंदकीच्या जागी गृहकर्ज.

आइकलरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वंश किंवा धर्म बघून घर नाकारणं त्याला मान्य नव्हतं आणि बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेला ते मान्य होतं, म्हणून १९५८ मध्ये त्याने संघटनेचा राजीनामा दिला. भारतीयांना याचा लाभ तेव्हा फारसा झाला नाही, कारण त्या काळी अमेरिका भारतातून वर्षाला १०० माणसांचाच कोटा घेत असे. १९६५ मध्ये कायदा बदलला. १९६७ मध्ये आइकलरची कंपनी दिवाळखोरीत गेली. आपली माणसं ट्रंका भरून निघाली तेव्हा हा दुकानदार फळ्या लावत होता.

तरी दुकानातला माल शाबूत राहिला. कॅलिफोर्नियातल्या एकट्या सनीव्हेल शहरात आइकलरची हजारावर घरं आहेत. ॲपलवाला स्टीव्ह वॉझ्नियॅक यांतल्याच एका घरात वाढला. स्टीव्ह जॉब्जही आपलं लहानपणाचं घर आइकलरचं असल्याचं सांगत असे; पुढे चौकशीअंती ते दुसऱ्याच एका बिल्डरने आइकलरची नक्कल करून बांधलेलं निघालं. ज्या माणसाने जगाला अस्सल रचनेचं वेड लावलं, त्याचं वेड डुप्लिकेट घरात जन्माला आलं, हा योग पत्रिकेतच असावा.

तर सनीव्हेलमधल्या अशा एका अस्सल घराचे आजचे मालक मूळचे साताऱ्याचे. घर घेताना त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या : शाळा आणि ऑफिसचं अंतर. आपण ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ घर घेतलं आहे हे त्यांना एजंटने सांगितलं, तेही किंमत सांगून झाल्यावर. हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला तो कारा ग्रीनबर्ग या लेखिकेच्या १९८४ मधल्या पुस्तकामुळे. त्याआधी या सामानाला लोक नुसतं जुनं सामान म्हणत आणि त्याप्रमाणे भाव देत.

नव्या घरात गृहस्थांनी पहिलं काम केलं ते ‘उजेड पाडण्याचं’. आपल्याकडे उजेडाची इज्जत पांढरेपणावर ठरते. पिवळा दिवा न्हाणीघरात, जिन्याखाली किंवा गरिबीत. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइट आली की ते घर वर आलं, असा दोन पिढ्यांचा हिशेब. त्याच संस्काराने गृहस्थांनी ‘डेलाइट’ लिहिलेलं दिव्यांचं खोकं आणलं आणि आधीच्या म्हाताऱ्या मालकिणीचे पिवळे दिवे, डोळे अधू झाल्याचं लक्षण समजून, एकजात बदलले. संध्याकाळी बटण दाबलं. वीस लाख डॉलरांच्या वरच्या त्या घरात सातबाराचा उतारा मागायला यावं, अशी हवा तयार झाली. भिंतींचं तांबूस लाकूड राखाडी पडलं, पाहुण्यांचे चेहरे आजारी दिसू लागले आणि रात्रीच्या जेवणात वरणाने हळदीशी असलेलं नातं नाकारलं.

यात गृहस्थांचा एकट्याचा दोष नाही. खुद्द मुंबईने हा प्रयोग मरीन ड्राइव्हवर करून पाहिला आहे. २०१५ मध्ये तिथले जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीच्या गळ्यातला सोन्याचा हार रातोरात ॲल्युमिनियमचा झाला. एरवी खड्ड्यांबद्दलही शांत राहणाऱ्या शहराने त्या दिव्यांवरून आरडाओरडा केला, राजकीय पक्ष एकमेकांवर धावून गेले आणि शेवटी पिवळसर उजेड परत आणावा लागला. म्हणजे मुंबईकराला पिवळ्या उजेडाची किंमत कळते; फक्त ती घराबाहेर कळते.

यामागचं विज्ञान सोपं आहे. लोखंड तापवलं की ते आधी लाल होतं, मग पिवळं आणि आणखी तापलं की पांढरं. म्हणून उजेडाच्या रंगालाही तापमानाचा आकडा देतात, केल्विनमध्ये. समईची ज्योत २००० च्या जरा अलीकडे, जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास, ‘डेलाइट’चा दिवा ६५००. आकडा जितका मोठा, तितका उजेड डोळ्यांना थंड. गृहस्थ इंजिनिअर असल्यामुळे त्यांना हे उलटं वाटलं आणि त्यांनी एक रविवार पत्नीशी वाद घालण्यात घालवला. फिलिप्स कंपनीतल्या क्राउटहॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्येच मांडलं होतं, की उजेड मंद असेल तेव्हा माणसाला पिवळट रंग बरा वाटतो आणि त्याच मंद उजेडात निळसर रंग उदास वाटतो. त्याच्या आलेखावर पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी एकाच ट्यूबखाली अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा, तो क्राउटहॉफच्या बाजूने साक्ष देईल.

लाकडाचं दुखणं याहून वेगळं. लाकूड लाल-पिवळे किरण जास्त परत पाठवतं, निळे गिळून टाकतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर चढवून तो पांढरा दाखवतात. स्वस्तातल्या दिव्यात गडद लाल जवळपास नसतोच. जो रंग आलाच नाही, तो लाकडाने परत कुठून पाठवायचा? म्हणून दिव्याच्या खोक्यावर केल्विनखेरीज सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, वस्तूंचे रंग किती खरे दिसतील ते सांगणारा. स्वस्त दिव्यांत तो ८० च्या आसपास असतो. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा नियमांत घरातल्या पक्क्या एलईडी दिव्यांसाठी तो किमान ९० लागतो. गृहस्थांनी मग २७०० केल्विन आणि ९० सीआरआयचे दिवे आणले आणि वरण पुन्हा पिवळं झालं.

पण दिवे लावायचे कुठे?

पिंपरीहून मेहुण्याने व्हिडिओ कॉलवर लगेच तोडगा दिला, “भावजी, पीओपी करून टाका. मस्त फॉल्स सीलिंग, कडेने स्ट्रिप लाइट. माझ्याकडे माणूस आहे.” मेहुण्याकडे प्रत्येक कामाला माणूस असतो. पण ज्या कडीपाटासाठी लोक जादा पैसे मोजतात, तो प्लास्टरखाली गाडायचा कसा? आणि वर माळा नसल्यामुळे फळ्यांमधून वायर ओढायलाही वाट नाही. स्थानिक इलेक्ट्रिशियन आला, त्याने वर पाहिलं, पुन्हा एकदा वर पाहिलं आणि ताशी दर सांगितला. वायर न्यायची तर छपराच्या वरून नळीतून न्यायची आणि तेही छपराचं काम निघेल तेव्हा. नाहीतर तुळईच्या कडेने, दिसेल न दिसेल अशी.

ही अडचण हेच त्या घराचं भाग्य. छतात आठ-दहा भोकं पाडून दिवे बसवता येत नाहीत, म्हणून उजेड बाजूने येतो, कोपऱ्यातून येतो, बसलेल्या माणसाच्या खांद्यापाशी येतो. एक मोठा दिवा सगळ्या खोलीला सारखा उजळतो आणि सपाट करतो. पाच छोटे दिवे खोलीत सावल्या ठेवतात. त्या काळातले रचनाकार यासाठी अक्षरशः झगडले. डेन्मार्कचा पॉल हेनिंगसन रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढला आणि विजेच्या उघड्या बल्बवर त्याने जन्मभर राग धरला. एकावर एक झाकणं रचून, बल्ब कुठूनही डोळ्यांत घुसणार नाही असे दिवे त्याने १९२० च्या दशकापासून केले. बल्बवाल्या कंपन्या दर थोड्या दिवसांनी बल्बचा आकार बदलत, त्याने वैतागून १९५८ मध्ये ‘पीएच ५’ हा दिवा काढला, ज्यात कुठलाही बल्ब घातला तरी चालेल. त्याच्या आत लाल आणि निळे तुकडे बसवले, उजेडाचा रंग जुळवायला. चार्जरची पिन दर वर्षी बदलताना पाहणाऱ्या पिढीने या माणसाचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

अमेरिकेत जॉर्ज नेल्सनला आपल्या ऑफिसात टांगायला एक स्वीडिश दिवा हवा होता, रेशमी कापडाचा. किंमत १२५ डॉलर. नेल्सनला ती परवडेना, की पटेना. युद्धानंतर जुनी जहाजं गुंडाळून ठेवताना त्यांच्यावर प्लास्टिकची जाळी फवारतात असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. त्याने तारेचा सांगाडा केला, त्यावर तेच प्लास्टिक फवारलं आणि ‘बबल लॅम्प’ जन्माला आला. कोकणी म्हातारीला शोभेल अशा या काटकसरीतून आलेला दिवा आज त्या स्वीडिश दिव्याच्या कितीतरी पट किमतीला मिळतो. गृहस्थांनी तो घेतला. किंमत पत्नीला रुपयांत सांगितली नाही, डॉलरांत सांगितली. कारण आकडा लहान वाटतो.

तिसरा दिवा इसामू नोगुचीचा. हा शिल्पकार १९५१ मध्ये जपानच्या गिफू शहरात गेला, तेव्हा कंदिलांचा स्थानिक धंदा मरायला टेकला होता आणि महापौरांनी त्याला काहीतरी करण्याची गळ घातली. त्याने तुतीच्या सालीच्या कागदाचे, बांबूच्या कामट्यांचे कागदी दिवे आखले, शंभरावर प्रकार. असाच एक मोठा पांढरा गोळा गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर टांगला. फेब्रुवारीत साताऱ्याहून आई आल्या. हातपाय धुऊन जेवायला बसल्या, वर पाहिलं आणि सुनेला हळूच म्हणाल्या, “अगं, दिवाळी होऊन तीन महिने झाले. आकाशकंदील काढायचा राहिला वाटतं.”

सुनेने आणि मुलाने मिळून नोगुची समजावला. आईंनी ऐकून घेतलं. “चांगला आहे हो. पण आपल्याकडे झिरमिळ्या असतात.”

आईंना खरी अडचण रात्रीच्या काचेची वाटली. दिवसा बाग घरात आणणारी ती भिंत अंधार पडला की काळा आरसा होते. आतला माणूस स्वतःलाच दिसतो आणि बाहेरच्याला तर पूर्णच. “उघड्यावर बसल्यासारखं वाटतं रे,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांना माहीत नव्हतं की हीच तक्रार अमेरिकेत फार वरच्या पातळीवर होऊन गेली आहे. इलिनॉयमध्ये मीस व्हान डर रोह या वास्तुविशारदाने एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरबाईंसाठी १९५१ मध्ये पुरं केलेलं काचेचं घर जगभर पूजलं गेलं. बाई मात्र उन्हाळ्यात भाजल्या, हिवाळ्यात गारठल्या, रात्री दिव्यांवर येणाऱ्या किड्यांनी हैराण झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९५३ मध्ये ‘हाउस ब्यूटिफुल’ मासिकाच्या संपादिकेने असल्या घरांविरुद्ध असा काही लेख लिहिला, की जणू देशावर संकट आलं आहे.

यावरचा उतारा वास्तुविशारद फिलिप जॉन्सनच्या घरात सापडला. कनेटिकटमध्ये त्याने १९४९ मध्ये स्वतःसाठी काचेचं घर बांधलं आणि रात्री त्यालाही स्वतःखेरीज काही दिसेना. रिचर्ड केली या प्रकाशरचनाकाराने आतला उजेड कमी केला आणि दिवे बाहेर, झाडांवर टाकले. बाहेर आतल्यापेक्षा जास्त उजेड असला की काच पुन्हा काच होते. सनीव्हेलच्या गृहस्थांनी जपानी मेपलच्या बुंध्याशी दोन छोटे पिवळे दिवे लावले, आतले दिवे डिमरवर घेतले, आणि आईंना स्वतःच्या प्रतिबिंबाऐवजी झाड दिसू लागलं. त्यांनी तरीही पडदा लावून घेतला. पडद्याच्या बाबतीत केलीचा अधिकार त्यांना मान्य नव्हता.

आता भिंतींकडे. आइकलरच्या खोल्यांना आतून जे तांबूस लाकूड लावलेलं असतं, ते ‘फिलिपाइन महोगनी’ या भारदस्त नावाने ओळखलं जातं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते महोगनी नव्हेच. ते आपल्या सालवृक्षाच्या भावकीतलं. १९८० नंतरच्या अनेक मालकांनी त्यावर पांढरा रंग मारला, घर ‘मोठं वाटावं’ म्हणून. आणि आजचे मालक तोच रंग खरवडून काढण्यासाठी माणसं लावतात. यातला प्रत्येकजण आधीच्याला अडाणी समजतो. या बाबतीत निकाल द्यायचाच तर तो खरवडणाऱ्यांच्या बाजूने द्यावा लागेल. खाली काँक्रीटची फरशी, मागे काच, समोर कोरी भिंत. एवढ्या रुक्ष सांगाड्यात जिव्हाळा आणायचं काम त्या लाकडावर सोपवलेलं होतं. ते झाकलं की उरतं ते गॅरेज.

सनीव्हेलने २००९ मध्ये आइकलर घरांसाठी मार्गदर्शक नियमावलीच काढली : उंची, छपराची ठेवण, बाहेरचं रूप. सोसायटीच्या सर्वसाधारण सभा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला शेजाऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून होणारी भांडणं नवी नाहीत. घराच्या आत मात्र नियम नाहीत. तिथे त्यांची जागा जाणकार मित्र घेतात. हे मित्र येतात, खुर्ची उलटी करतात, खालचा शिक्का वाचतात आणि मग बसायचं की नाही ते ठरवतात.

खुर्च्यांचं प्रकरण मोठं आहे. त्या काळातलं डॅनिश फर्निचर म्हणजे प्रामुख्याने साग, आणि साग आग्नेय आशियातला. हान्स वेग्नरची १९४९ मधली खुर्ची इतकी गाजली, की तिला नुसतं ‘द चेअर’ म्हणू लागले. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवर पहिली वादसभा झाली, तेव्हा केनेडी याच खुर्चीत बसले होते. निक्सनही याच खुर्चीत होते, पण खुर्ची विकणारे ते सांगत नाहीत. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याची १९५६ मधली आरामखुर्ची ब्राझीलच्या शिसवीच्या वाकवलेल्या पातळ थरांची आणि काळ्या चामड्याची. १९९२ पासून त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि मग अक्रोड वगैरे लाकडं वापरात आली. नवी घ्यायची तर आजही पाच हजार डॉलर पुरत नाहीत. गृहस्थ ती फक्त पाहून आले.

टेबल मात्र अक्रोडाचं आलं. जॉर्ज नाकाशिमाच्या धाटणीचं, म्हणजे कड झाडासारखीच वेडीवाकडी ठेवलेली आणि मधल्या भेगेत फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या. हा नाकाशिमा १९३० च्या दशकात पाँडिचेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होता आणि आश्रमात त्याला सुंदरानंद असं नाव मिळालं होतं. आईंनी भेगेवरून बोट फिरवलं. “फुटकं म्हणून स्वस्तात दिलं का रे?” दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर टाकायला काच सुचवली, खाली नातवाचे फोटो ठेवता येतील अशी. सगळ्या मराठी घरांतली टेबलं काचेखाली, सोफे अभ्र्यांखाली आणि टीव्हीचे रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत जगले आहेत. उघड्या लाकडावर हात ठेवून बसायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही. काच आली नाही. हळदीचा डाग मात्र पहिल्याच आठवड्यात आला. लाकडाला तेल लावलेलं होतं, पॉलिश नव्हतं, त्यामुळे बारीक कागदाने घासून आणि परत तेल लावून तो बराचसा गेला.

गंमत आईंच्या बॅगांची आहे. विमान कंपनीच्या तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण मसाला भरून उरलेल्या जागेत त्यांनी एक घोंगडी, एक तांब्या आणि घरातली जुनी पितळी समई कोंबली होती. मुलगा म्हणाला, “आई, हे कशाला?” जाणकार मित्र मात्र आला आणि घोंगडी पाहून गप्प झाला. दख्खनी मेंढीची राठ लोकर, न रंगवलेला काळा-करडा रंग, हातमागावरचं विणकाम. असं काही तो महिनाभर शोधत होता आणि जिथे सापडलं तिथे किंमत पाहून परत आला होता. तिचा आणखी एक फायदा निघाला. आइकलरच्या घरात फरशीच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि हिवाळ्यात जमीनच शेगडीचं काम करते. जाड, केसाळ गालिचा टाकला की ती ऊब खालीच अडते. पातळ घोंगडीतून ती वर येते. हे आईंनी विनासल्ला शोधलं. त्या रोज दुपारी घोंगडी अंथरून जमिनीवर भाजी निवडत बसत. हजारो डॉलरांच्या खुर्च्यांच्या या जगात घरातली सगळ्यात उबदार जागा फरशी आहे, हे आधी कुणाला सुचलं नव्हतं.

तांब्याची गोष्ट तर सरकारी कागदपत्रांत आहे. ईम्स दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी जो अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय रचना संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर साध्या तांब्याचं : हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, पाणी कसं ओततो, भरल्यावर तोल कुठे जातो. स्वतःच्या घरातही ते दोघं असंच जगले. लॉस एंजेलिसमधलं त्यांचं १९४९ चं घर कारखान्यात तयार मिळणाऱ्या लोखंडी भागांचं आणि काचेचं, आणि आत गालिचे, उशा, बाहुल्या, टोपल्या, झाडं, मेणबत्त्या यांची नुसती गर्दी. मोकळ्या भिंतीपुढे एकच फुलदाणी ठेवून ‘आम्ही मिनिमल आहोत’ म्हणणाऱ्यांनी त्या घराचे फोटो जरूर बघावेत.

समई कोपऱ्यातल्या बुटक्या कपाटावर गेली, देवांसमोर. देव्हाऱ्याचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली होती. सागाचा, दोन कप्प्यांचा, कळस नसलेला करून घेतला, त्यामुळे देवांनाही नव्या धाटणीत राहावं लागलं. रोज तिन्हीसांजेला आई समई लावत आणि खोलीतले बाकीचे दिवे आपोआप निम्मे केले जात. जाणकार मित्राने मीटर आणलं होतं; त्याने मोजून सांगितलं, की एवढ्या कमी केल्विनचा दिवा बाजारात क्वचितच मिळतो. आई म्हणाल्या, “तेल संपत आलंय, म्हणून तसं दिसत असेल.”

काही गोष्टी जमल्या नाहीत. तुळयांना पितळी कड्यांचा झोपाळा टांगायचा गृहस्थांचा बेत होता. बांधकामाच्या इंजिनिअरने सांगितलं, की या तुळयांवर आधीच छप्पर आहे, त्यात झुलता मेहुणा मोजलेला नाही. आणि स्वयंपाकघर. ते बैठकीला उघडं, वर माळा नाही, त्यामुळे धुराडं काढायचं तर थेट छपराला भोक. तोवर मोहरी-हिंगाची फोडणी घोंगडीसकट सगळ्या अस्सल लाकडात मुरते. यावर मध्यशतकातल्या एकाही थोर रचनाकाराने विचार केलेला दिसत नाही. शेवटी फोडण्या चौकात, छोट्या गॅसच्या शेगडीवर द्यायच्या ठरल्या.

इकडे भारतात याच काळातलं सामान कुठे आहे? चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिअर जनरेने आखलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्या वर्षानुवर्षं गच्च्यांवर आणि गोदामांत मोडून पडल्या होत्या. त्या भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या, युरोप-अमेरिकेत दुरुस्त झाल्या आणि तिथल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. मग २०११ मध्ये केंद्र सरकारला त्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून आदेश काढावा लागला. महाराष्ट्रातल्या माळ्यांवर, जुन्या शाळांत, ग्रंथालयांत आणि बंद पडलेल्या दवाखान्यांत साग-वेताच्या अशा किती खुर्च्या असतील, त्यांची यादी कुणी केलेली नाही. त्यांच्याखाली शिक्का नसेल. तरी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्यात बसून बघा, वेत सुटला असेल तर विणून देणारा कारागीर शोधा, आणि शेजारी एक दिवा ठेवा.

तो दिवा आणायला जाल तेव्हा खोक्यावर के या अक्षराआधीचा आकडा वाचा. २७०० असेल तर घ्या. दुकानदार ६५०० चा पुढे करील आणि “साहेब, यात उजेड जास्त पडतो” म्हणेल. उजेड किती पडतो ते ल्युमेनच्या आकड्यात लिहिलेलं असतं, आणि एकाच वॉटच्या दोन्ही खोक्यांवर तो जवळपास सारखाच असतो.